काळी बाबागाडी कोणाची?

१

लेमविगच्या थोर्किलला वेळेवर तोंड मिटता आलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जित्याची खोड. ज्या माणसानं तरुणपणी पाद्रीबुवाच्या रबरी बुटांत हेरिंग मासे भरले, स्वतःच्या लग्नात नवरीच्या खुर्चीखाली जिवंत खेकडा सोडला, सासऱ्याच्या मयतीच्या जेवणाला मीठदाणीत साखर भरली, त्यानं सत्तरी ओलांडल्यावर तरी गप्प बसावं, अशी आशा एकटी त्याची बायको इंगर करायची. तीही आता सवयीनंच.

दोघं आगगाडीनं कोपनहेगनला आले होते, लेकीकडं. लेमविगकडची माणसं राजधानी ज्या बेटावर आहे त्याला सैतानाचं बेट म्हणतात आणि राजधानीवाले लेमविगला काही म्हणतच नाहीत, कारण ते कुठं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. लेक सिग्ने बाळंतपणाची रजा संपवून त्या दिवशी पहिल्यांदा कामावर निघाली होती. जावई जहाजावर, समुद्रात. सिग्नेनं बाबागाडी आईबापाच्या हवाली केली आणि म्हणाली, "दर खेपेला येता आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून जाता. आज जरा शहर बघा. राजवाडा बघा, जलपरीचा पुतळा बघा. विल्माला पण वारा लागेल."

"राजाला निरोप धाडलास का, आम्ही येतोय म्हणून?" थोर्किल म्हणाला.

"बाबा, कुणाची खोडी काढू नकोस."

"मी? मी कधी काढली?"

इंगरनं नुसतं छताकडं बघितलं.

विल्मा म्हणजे नात. खालचे दोन दात आलेले, बाकी सगळं यायचं बाकी. आजोबाचा आणि तिचा एक ठरलेला खेळ होता. थोर्किल गाडीत वाकून फौजदाराच्या आवाजात विचारायचा, "हे बाळ कोणाचं?" मग भरल्या सभेत विचारल्यासारखं इकडंतिकडं बघायचा. कुणी बोलत नाही म्हटल्यावर शाळकरी पोरासारखं एक बोट वर करून स्वतःच ओरडायचा, "माझं!" की विल्मा खिदळून ते बोट मुठीत धरायची. मासळीबाजारात जन्मभर बर्फ फोडून फोडून जाड झालेलं बोट ते, नखाचा आडवा तुकडा उडालेला. तिची इवलीशी मूठ त्याच्याभोवती पुरती मिटायचीही नाही. पण धरलं की सोडायची नाही.

"आणि मी काय दाई आहे?" इंगर म्हणायची.

"तुझा नंबर नंतर. आधी हात वर कर."

२

राजवाड्यापुढं पहारेकरी उभे होते, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घालून. थोर्किल एकाच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला.

"काय रे बाबा, दिवसा तू अस्वलाला डोक्यावर घेतोस. रात्री अस्वल तुला घेतं का?"

पहारेकऱ्याची पापणी हलली नाही.

"ऐकू येत नाही त्याला," थोर्किल इंगरला म्हणाला. "कान अस्वलाच्या आत गेलेत."

"चल इथनं. पकडून नेतील तुला."

"नेऊ देत. आत शेकोटी तरी असेल."

मार्चचा वारा होता. बर्फ वितळलं होतं पण थंडीला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मागच्या गल्लीत एक कॉफीचं दुकान दिसलं. विल्मा झोपली होती, म्हणून त्यांनी हिरवी बाबागाडी भिंतीला लावून ठेवली, चाकाचा खटका दाबला आणि दोघं आत गेले. तिथं हे सगळेच करतात. बाळ दुपारचं घरात झोपवत नाहीत. गोधडीत गुंडाळून बाहेर, गार हवेत. आईबाप आत कॉफी पितात आणि गाड्या बाहेर ओळीनं उभ्या, देवळाबाहेर चपला असाव्यात तशा. कुणी चोरून नेलं तर, असं विचारलंत तर लोक तुमच्याकडंच बघायला लागतील, हा कुठला चोर आलाय म्हणून.

रीत एकच. दुसऱ्याच्या गाडीत डोकवायचं नाही. रडं ऐकू आलं तर आत येऊन सांगायचं, अमक्या रंगाची गाडी, बाळ जागं झालंय. मग ज्याचं त्यानं उठायचं. जो उठला त्याचं बाळ. खात्री कुणी करत नाही. करायची म्हणजे उठणाऱ्याचा अपमान.

भिंतीला आधीच एक गाडी उभी होती. काळी, उंच चाकांची, जुन्या घडणीची, टप पुढं ओढलेला आणि त्यावरून पांढरी जाळी सोडलेली. इंगर म्हणाली, "माझ्या आईकडं होती अशी."

"तुझी आईच असेल आत. हळू बोल."

आत सगळे आपापल्या फोनच्या पडद्यांत तोंड खुपसून बसले होते. दाराजवळ एक टकला गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. थोर्किल दाराकडं तोंड करून बसला. कॉफी आली, गोगलगायीसारखा वळलेला दालचिनीचा पाव आला. तेवढ्यात नाकात चमकी घातलेली वाढपीण दारातून डोकावून म्हणाली, "काळी गाडी. बाळ जागं झालंय."

कुणी उठलं नाही.

"काळी गाडी!"

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. बाहेरून रडणं ऐकू येत होतं. त्यात कळवळा नव्हता, राग नव्हता. शाळेत हजेरी द्यावी तसं, एकसारखं.

"अहो, कोणाचं आहे हे बाळ?" वाढपीण वैतागून म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. रोज ज्या प्रश्नाला माणूस बोट वर करतो, तोच प्रश्न भरल्या दुकानात कुणी विचारला तर त्या बोटानं करायचं काय? थोर्किल उठून उभा राहिला, बोट वर केलं आणि लेमविगच्या मासळीबाजारात ऐकू जाईल असं ओरडला, "माझं!"

कुणी हसलं नाही.

वाढपीण म्हणाली, "आभारी आहे हां, आजोबा," आणि आपल्या कॉफीच्या यंत्राकडं वळली. थोर्किल उभाच. थट्टेला कुणीतरी "चल, काहीतरीच" म्हणायला लागतं, नाहीतर ती थट्टा आपल्याच अंगावर पडते. राजधानीच्या माणसांना एवढंही कळत नाही. आता खाली बसायचं तरी कुठल्या तोंडानं? तो बाहेर गेला.

जाळीच्या आत त्यानं डोकावलं नाही. एवढी रीत त्यालाही होती. त्यानं गाडीचा दांडा धरला आणि झुलवलं. चाक कुरकुरलं, कुंई. रडणं थांबलं. हळूहळू नाही, नळ बंद करावा तसं.

त्याला जाणवलं ते वेगळंच. दांडा कोमट होता. कुणीतरी बराच वेळ धरून नुकताच सोडावा तसा. त्यानं शेजारच्या हिरव्या गाडीच्या दांड्याला हात लावून बघितला, तो बर्फासारखा. गल्लीत दोन्हीकडं बघितलं, कुणी नव्हतं. उन्हानं तापला असेल, असं तो मनाशी म्हणाला. आभाळ राखेसारखं होतं, पण म्हणायला काय जातंय.

आत आल्यावर इंगरनं विचारलं, "कोणाचं होतं रे?"

"सांगितलं की. माझं."

"ही जीभ एक दिवस तुला गोत्यात आणणार आहे."

निघताना बघितलं तर काळी गाडी जागेवर नव्हती. चला, ज्याचं त्यानं नेलं. पार कोपऱ्यापर्यंत गेल्यावर थोर्किलच्या ध्यानात आलं की आपण दाराकडं तोंड करून बसलो होतो, आणि आपल्यानंतर त्या दारातून कुणी बाहेर गेलेलं नाही.

३

जलपरीकडं जायचा रस्ता बंदराच्या कडेकडेनं जातो. हिरवी गाडी थोर्किल ढकलत होता. इंगर शेजारी चालत होती आणि वाऱ्याला शिव्या देत होती.

मागून आवाज आला. कुंई. मग थोडं थांबून पुन्हा, कुंई.

थोर्किल थांबला. आवाजही थांबला, पण लगेच नाही. एक पाऊल पुढं येऊन थांबला.

"काय झालं?"

"गाडीला तेल पाहिजे."

"नवी कोरी गाडी आहे ती. लोण्यासारखी चालते."

ते खरंच होतं. त्यानं वाकून चाकं बघितली, गरगर फिरवून बघितली. मुकी होती बिचारी. मागं वळून बघितलं तर रस्त्यावर माणसं होती, सायकली होती, एक बाई कुत्र्याला ओढत होती का कुत्रं बाईला ते कळत नव्हतं. गाडी नव्हती. इंगरचा डावा कान तसा अधूच, तिला विचारण्यात अर्थ नव्हता. थोर्किलनं शिटी वाजवायला सुरुवात केली. शिटी थांबली की मागं ते चालूच.

जलपरीपुढं परदेशी पाहुण्यांची ही गर्दी.

"एवढीशीच?" इंगर म्हणाली. "आपल्या मासळीवाल्याच्या दुकानाच्या पाटीवर हिच्याहून मोठी आहे."

"आणि तिच्या अंगावर कपडे आहेत."

इंगर हसली आणि थोर्किलला बरं वाटलं. तेवढ्यात त्याला बाकाशेजारी ती दिसली. काळी, उंच चाकांची, टप पुढं ओढलेला. पाण्याकडं तोंड करून उभी. जवळपास कुणी नाही. बाकाच्या टोकाला एक म्हातारी पाखरांना पावाचे तुकडे टाकत होती, तेवढीच.

आता कोपनहेगनात काळ्या गाड्या काय कमी आहेत? हल्लीच्या पोरांना आजीच्या अडगळीतलं सामान वापरायची हौस. थोर्किलनं स्वतःला समजावलं आणि ते त्याला पटतही आलं होतं. तेवढ्यात म्हातारी त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुमचं दुसरं जागं झालंय बरं का."

"ते माझं नाही."

म्हातारीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "या वयात असं बोलू नये. तुमच्यावरच तर गेलंय."

"तुम्ही आत डोकावलात?" इंगरला तेवढं मात्र ऐकू आलं आणि तिला धक्काच बसला. अशी रीत मोडणारं माणूस तिनं लेमविगात बघितलं नव्हतं.

"मी कशाला डोकावू, बाई? तेच बघत होतं बाहेर."

आणि रडणं सुरू झालं. तेच. हजेरी दिल्यासारखं.

हिरव्या गाडीत विल्मा जागी होती. एरवी दुसरं पोर रडलं की हीही भोकाड पसरायची. आता मान वळवून ऐकत होती. थोर्किल "हे बाळ कोणाचं" म्हणाला की पुढच्या बोटाची वाट बघत ती जसं ऐकायची, तसं.

"कुणाचं तान्हं असं वाऱ्यात टाकलंय," म्हणत इंगर काळ्या गाडीकडं निघाली. थोर्किलनं तिचा दंड धरला. जरा जास्तच घट्ट धरला.

"राहू दे."

"अरे पण..."

"इंगर. राहू दे म्हणतो ना."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. संसाराच्या इतक्या वर्षांत त्या तोंडावर काय काय येतं ते सगळं तिला पाठ होतं. हे नवीन होतं.

"तू गंमत करतोयस ना, थोर्किल?"

"नाही."

"मग मला भीती वाटते," ती म्हणाली. तिनं हिरव्या गाडीचा दांडा आपल्या हातात घेतला आणि चालायला लागली.

४

चूक जिथं झाली तिथंच ती निस्तरायची, एवढी अक्कल मासळीबाजारात येते. थोर्किल परत त्या कॉफीच्या दुकानाशी आला. इंगरला दाराबाहेर उभं केलं. म्हणाला, "दोन्ही हातांनी धर. कुणी काही विचारलं तर बोलू नकोस."

"हे तू मला सांगतोस?"

वाढपीण कप पुसत होती. टकला गृहस्थ अजून वर्तमानपत्रातच होता, वाचत होता की पाठ करत होता देव जाणे.

"पोरी, मघाशी मी म्हणालो ना, काळ्या गाडीतलं बाळ माझं म्हणून? ती थट्टा होती."

"कसली थट्टा?"

"म्हणजे माझं नाही ते."

"पण तुम्ही उठलात."

"उठलो, पण..."

"आजोबा, तुम्ही उठलात म्हणून मी विचारायची थांबले. नाहीतर विचारतच राहिले असते." तिनं कप दिव्यापुढं धरून बघितला. "आणि माझं नाही कसं म्हणता? तुम्हीच तर घेऊन गेलात."

"मी?"

"काचेतून बघितलं की मी. आजी पुढं, आणि तुम्ही मागून काळी गाडी ढकलत."

"मी हिरवी ढकलत होतो. इंगरच्या शेजारी."

"असाल. मग मागं होते ते कोण? कोट हाच, टोपी हीच." ती टकल्या गृहस्थाकडं वळली. "काका, हेच होते ना?"

त्या गृहस्थानं पान उलटलं. मान वर न करता म्हणाला, "हेच. जाताना बोट वर केलं होतं."

थोर्किलला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. पोलिसात जावं का? पण जाऊन सांगायचं काय? साहेब, जे बाळ माझं नाही ते माझं नाही, लिहून घ्या. त्यांनी त्यालाच बसवून घेतलं असतं आणि सिग्नेला फोन लावून विचारलं असतं, तुमचे वडील औषधं वेळेवर घेतात का.

मग तो दुकानाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं जाहीर केलं, "मंडळी! काळ्या गाडीतलं बाळ माझं नाही. मी उगाच बोललो. मी शब्द मागं घेतो."

सगळ्यांनी माना वर केल्या. बोलतील तर शपथ.

"मग कोणाचं आहे?" वाढपिणीनं विचारलं. खोचक नाही, साधंच विचारलं. कुणीतरी सांगायला नको का?

थोर्किलनं एकेकाकडं बघितलं. एकेकानं आपल्या कपात बघितलं. कुणी बोट वर केलं नाही. कुणीतरी करावं, कुणाही येड्यानं करावं, थट्टेनं का होईना, म्हणून तो बराच वेळ उभा राहिला. मग टोपी सारखी करून बाहेर आला.

"सांगितलंस?" इंगरनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"चल, घरी जाऊ."

५

सिग्नेचं घर शहरातल्या तळ्यांपलीकडं होतं. अर्ध्या वाटेत गारांसारखा पाऊस सुरू झाला आणि इंगरला मुतारीची घाई झाली. या वयात दोन गोष्टी थांबत नाहीत, त्यातली ही एक. समोर एक बेकरी होती, आत टेबलं मांडलेली.

थोर्किल गाडीसकट दारात शिरायला लागला. आतला दाढीवाला पोऱ्या म्हणाला, "आजोबा, गाडी बाहेर. आत मुंगीला जागा नाही."

"पाऊस आहे."

"गाडीवर छप्पर आहे की. सगळेच ठेवतात बाहेर."

"मी बाहेर थांबतो," थोर्किल इंगरला म्हणाला.

"थांब आणि छातीला गारठा लावून घे. मग इस्पितळात तुझ्या उशाशी मी बसते. अरे, सिग्नेला आपण मासळीबाजाराच्या दारात झोपवत होतो, वास मारत असायची पोर! खिडकीपाशी बस. काचेला लागूनच तर आहे गाडी."

एवढं बोलून ती मागं पळाली. थोर्किल खिडकीशी बसला. भिंतीला हिरवी गाडी एकटीच होती. काळी नव्हती. त्यानं रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. कुठंच नव्हती. कान देऊन ऐकलं, पावसाशिवाय काही ऐकू येईना. शब्द मागं घेतल्याचा गुण आला म्हणायचा. त्याला एकदम भूक लागली. सकाळपासून कॉफीच्या घोटाशिवाय पोटात काही नव्हतं, मघाच्या पावाला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. त्यानं दालचिनीचा पाव मागवला.

काच वाफेनं धुरकट व्हायची. तो बाहीनं पुसायचा. गाडी तिथंच. पुन्हा धुरकट, पुन्हा पुसायचा. गाडी तिथंच. एकदा पुसली तेव्हा गाडी किंचित हलल्यासारखी वाटली, झुलवतात तशी. वाऱ्यानं असेल. त्यानं पावाचा मोठा लचका तोडला.

"हिरवी गाडी," दाढीवाला दारातून म्हणाला. "बाळ जागं झालंय. कोणाचं आहे हे बाळ?"

थोर्किल उठला. जन्मभर ज्याचं तोंड कधी बंद झालं नाही त्याच्या तोंडात नेमका बोबडी वळेल एवढा पाव होता. त्यानं हात वर करायला घेतला, बाही टेबलाच्या कोपऱ्यात अडकली, कॉफी सांडली.

आणि मागून कुणीतरी ओरडलं, "माझं!"

दुकानभर हशा पिकला. सगळे हसले. राजधानीची माणसं, पोट धरून.

थोर्किल हसला नाही. त्यानं तो आवाज ओळखला होता. लेमविगचा हेल. शब्दाच्या शेवटी बर्फाच्या गोदामात कमावलेली खोकल्याची ठसक. आणि त्यात भरलेला खट्याळपणा, जो त्याला आतून माहीत होता पण बाहेरून कधी ऐकायला मिळाला नव्हता.

तो वळला. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी माणसांची दाटी होती. डोक्यांच्या वर एक बोट दिसलं. जाड, नखाचा आडवा तुकडा उडालेलं. मग दाराची घंटा किणकिणली आणि बोट दिसेनासं झालं. थोर्किलच्या आणि दाराच्या मध्ये एक लठ्ठ बाई छत्री मिटत होती. छत्री मिटत नव्हती. तो तिला ढकलून बाहेर गेला. मागून ती काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गाडी जागेवर होती. खटका लावलेला होता. जवळ कुणीच नव्हतं, ना उजवीकडं ना डावीकडं. आत विल्मा जागी, गाल लाल, हसत होती. त्यानं टोपडं सरकवून कानामागचा तीळ बघितला. ओठ खाली करून दोन दात बघितले. मोज्याला इंगरनं मारलेली गाठ बघितली. विल्माच होती. कुठंही काहीही कमी नव्हतं, जास्त नव्हतं.

त्यानं दांडा धरला. दांडा कोमट होता.

"बघ, कशी खुशीत आहे," इंगर रुमालानं हात पुसत बाहेर आली. "उगाच जीव काढत होतास. आणि तोंडात काय कोंबलंयस? गीळ ते."

त्यानं गिळलं. खूप वेळ लागला.

घरापर्यंत कुठंच चाक कुरकुरलं नाही. त्यानं शंभरदा कान दिला असेल. इंगरला वाटलं, सुटलो. तिनं तसं बोलूनही दाखवलं. थोर्किलच्या मनात वेगळंच होतं. ज्याला काही हवं असतं ते मागं लागतं. ज्याचं काम झालं, ते कशाला कुणाच्या मागं येईल?

६

सिग्ने खुशीत होती. कामावर सगळ्यांनी फुलं दिली होती. तिनं राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी फासलं, हेरिंगची बरणी उघडली, दिवे लावले. विल्माला मांडीवर घेतलं, हुंगलं, गाल चावले.

"काय गं, बघितलास का राजवाडा?"

"राजवाडा बघितला, जलपरी बघितली, आणि तुझ्या बापानं आणखी एक पोर पदरात घेतलं," इंगर म्हणाली. घरात आल्यावर, दिव्याच्या उजेडात, तिला ती सगळी गोष्टच वाटायला लागली होती. तिनं ती गोष्टीसारखीच सांगितली. म्हातारीची नक्कल केली, वर्तमानपत्रात बुडालेल्या टकल्या गृहस्थाची केली. बेकरीत काय झालं ते तिला माहीतच नव्हतं, त्यामुळं तिची गोष्ट आधीच संपली.

सिग्ने हसून हसून लाल झाली. "बाबा, तुला लाज कशी वाटत नाही रे?"

थोर्किल पावावरचं लोणी चाकूनं उगाच सारखं करत होता. सिग्नेनं त्याच्याकडं निरखून बघितलं.

"गप्प का आहेस? बरं वाटत नाही का?"

"दमलाय," इंगर म्हणाली. "शहर बाधलं त्याला."

"मग त्यावर औषध आहे आमच्याकडं." सिग्नेनं विल्माला त्याच्यासमोर उभं धरलं आणि बापाचाच फौजदारी आवाज काढला. "हे बाळ कोणाचं?"

तिघी त्याच्याकडं बघत होत्या. म्हणजे दोघी. विल्मा अजून दिव्याकडं बघत होती.

थोर्किलनं ठरवलं होतं की या वेळी उशीर करायचा नाही. तोंडात घास नव्हता. बाही मोकळी होती. त्यानं चाकू टाकला, बोट वर केलं आणि कुणी मध्ये बोलायच्या आत म्हणाला, "माझं. माझं. माझं आहे ते."

सिग्ने हसली. "तीनदा कशाला? कुणी नाही म्हणतंय का?"

विल्मानं त्याच्या बोटाकडं बघितलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती, जरा उंच, दाराशी कोट टांगले होते तिकडं. मग तिचं तोंड फुललं. ती खिदळली, रोज खिदळते तशीच. हात पुढं केला आणि थोर्किलच्या कानाशेजारी, हवेत, मूठ मिटली.

"अगंबाई, हवाच धरली की!" इंगर म्हणाली.

"आणि सोडत नाही बघ," सिग्ने म्हणाली. तिनं मुलीला जरा मागं ओढून बघितलं. हात ताणला गेला, मूठ जागची हलली नाही.

थोर्किलनं त्या मुठीकडं बघितलं. ती पुरती मिटली नव्हती. मध्ये बोटाएवढी पोकळी होती, जाड बोटाएवढी, आणि त्या पोकळीतून पलीकडचा दिवा स्वच्छ दिसत होता.

त्यानं घाईघाईनं आपलं बोट तिच्यात सारायला बघितलं.

आत जागा नव्हती. आणि जे होतं ते कोमट होतं.